पंधरा म्हणजे जड

"आज जड हाय बघ," पट्ट्यावर चढता चढता अक्काताई म्हणाल्या, आणि मी वहीत पंधरा लिहिलं. माझ्या दुसऱ्या हाताचं बोट अजून मशीन सुरू करायच्या बटणावरच होतं.

शेजारच्या सायकलवर शमीमभाभी सावकाश पाय मारत होत्या. त्यांनी लगेच तोंड घातलं. "रोज जड, रोज जड! मग उतर की खाली. ये माझ्या सायकलवर."

"चिठ्ठी कुणाला निघाली पळायची? मला. तू बस हवा खात."

"हवा खात? घाम बघ माझा!"

"उकाड्याचा घाम तो. एप्रिल हाय."

मी पट्ट्याचा वेग वाढवला. अक्काताईंनी पदर कमरेला घट्ट खोचला, दांडी धरली आणि झपझप चालू लागल्या. याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, फिजिओथेरपीची पदवी नुकतीच हातात पडलेली, आणि सांगलीतल्या एका रुग्णालयात डॉक्टर आवटी मॅडमच्या अभ्यासात सहायक म्हणून लागले होते.

अभ्यास हार्ट फेल्युअर असलेल्या बायकांचा होता. या नावाचीच बायका धास्ती घ्यायच्या. खरं तर त्यात हृदय बंद पडलेलं नसतं, कमजोर झालेलं असतं. रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं, मग अंगात पाणी साठतं, एक जिना चढला तरी धाप लागते. हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं, तर शमीमभाभी म्हणाल्या होत्या, "म्हणजे फेल झालोय आम्ही. आता परत परीक्षा द्यायला आलोय." त्यानंतर त्या हॉलमध्ये कुणी घाबरलेलं मला दिसलं नाही.

अशा बायकांनी व्यायाम करावा, यात वाद नव्हता. किती जोरात करावा, हा प्रश्न होता. मॅडम म्हणायच्या, "पुस्तकातले आकडे बहुतेक पुरुषांवरून आलेत. आपल्या बायकांचं काय, ते आपणच बघू." म्हणून चोवीस बायका घेतल्या आणि बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या काढून दोन गट केले. एका गटाने पाऊण तास एकसारख्या मध्यम गतीने सायकल मारायची किंवा चालायचं. दुसऱ्या गटाने चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बारा आठवडे. शमीमभाभींना सावकाश गट मिळाला. अक्काताईंच्या पाकिटातून जोराचा गट निघाला.

चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी त्यांचे यजमान बरोबर होते. आप्पा मगदूम, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उंच, आणि बोलले तर इंजिनच्या आवाजावर बोलल्यासारखे.

"हृदयाच्या पेशंटला पळवत्यात व्हय कुठं?" त्यांनी मॅडमना विचारलं.

मॅडमनी त्यांना अर्धा तास सगळं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. पण अक्काताईंनीच कागदावर सही केली. "घरात बसून तरी काय मिळवलं?" त्या म्हणाल्या. त्या गल्लीतल्या खानावळीला भाकरी करून द्यायच्या. दुखणं आल्यापासून पाच भाकरी थापल्या की स्टूल घ्यावं लागायचं.

आप्पांनी निघताना माझ्याकडे बोट केलं. "ही बघणार तिच्याकडं?"

"हो काका. सगळा वेळ मी समोरच असेन."

"मग अस. हिला काही झालं तर मी तुला विचारीन. तुझ्या मॅडमला न्हाई."

हे मी विसरले नव्हते. प्रत्येक दिवशी अक्काताई पट्ट्यावरून सुखरूप उतरल्या, की मी मनात एक दिवस पुढे सरकायची.

एरवी व्यायामाचा जोर नाडीच्या ठोक्यांवरून ठरवतात. पण या बायकांना ठोके आवरून धरणाऱ्या गोळ्या चालू होत्या. हृदय दमलं तरी आकडा फारसा वाढायचा नाही. त्यामुळे जोर मोजायचं साधन एकच उरलं होतं: त्यांनाच विचारायचं, किती कष्ट पडतायत. त्यासाठी सहापासून वीसपर्यंतची एक पट्टी असते. मूळ इंग्रजीत. ती मराठीत मी केली होती. अकरा म्हणजे हलकं, तेरा म्हणजे थोडं जड, पंधरा म्हणजे जड, सतरा म्हणजे फार जड. मग मॅडमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी माझं मराठी वाचून परत इंग्रजी केलं. शब्द जसेच्या तसे मूळ जागी आले, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं होतं. तो तक्ता मी मोठ्या अक्षरांत लिहून पट्ट्यांच्या समोर भिंतीवर लावला होता. जोराच्या चार मिनिटांत बाई पंधरा ते सतरावर हवी. सावकाश तीन मिनिटांत अकरा ते तेरावर.

तो दिवस बुधवारचा होता. दुपारी मी सातव्या आठवड्याचे आलेख काढले. बाकी सगळ्या जणींच्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या वर-खाली जात होत्या. अक्काताईंची रेषा सोमवारपासून सपाट झाली होती. जोराच्या मिनिटांत पंधरा. सावकाश मिनिटांतही पंधरा. मी पेन्सिल चावत बराच वेळ त्या रेषेकडे पाहिलं. शेवटी मी ठरवलं, की बाई कंटाळल्या आहेत, विचार न करता उत्तर देतायत. बाजूला लिहून ठेवलं: "शुक्रवारी तक्ता पुन्हा समजावून सांगणे."

शुक्रवारी मी नेहमीचे सगळे प्रश्न विचारले. चक्कर? नाही. पायांवर सूज? अक्काताईंनी पाय पुढे केले. मी अंगठ्याने नडगीवर दाबून पाहिलं, खड्डा पडला नाही. रक्तदाब ठीक. वजन पंधरा दिवसांतून एकदा करायचं असा नियम होता, आणि ते पुढच्या सोमवारी होतं.

पहिली चार मिनिटं झाली. मी वेग उतरवला.

"अक्काताई, आता कसं वाटतंय?"

"जड."

"नीट बघून सांगा हं. मघाशी जोरात चालत होता, आता सावकाश. दोन्हीला जड कसं असेल?"

"जड ते जड. त्यात काय बघायचं?"

"अहो, तक्त्याकडे बघा. हे हलकं, हे थोडं जड..."

"पोरी, मला वाचता येतंय," अक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. थकलेला होता.

शमीमभाभींची सायकल थांबली. "ए केतकी, ती पट्ट्याचं सांगत न्हाई. अंगाचं सांगतीया."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? अंग जड झालंय तिचं! परकराची नाडी बघ कुठं बांधलीया. सोमवारपासनं खाली खाली चाललीया. मी हसले पण तिला, म्हटलं खानावळीचं जेवून पोट सुटलं काय गं अक्का."

मी अक्काताईंकडे पाहिलं. "अंग जड झालंय?"

"मग मी रोज काय सांगतीया तुला?"

मी पट्टा बंद केला. त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं आणि पदर बाजूला करून पाहिलं. पोट तट्ट फुगलं होतं. नाडीची खूण कातडीत रुतून लाल झाली होती. मानेवरची शीर कानाखालपर्यंत भरून उडत होती. पायांवर सूज नव्हती, कारण सगळं पाणी पोटात साठलं होतं. नियम बाजूला ठेवून मी त्यांना काट्यावर उभं केलं. अकरा दिवसांपूर्वी सत्तावन्न किलो आठशे. आता एकसष्ट किलो चारशे.

"झोप लागते?"

"बसून लागती. आडवं झालं की छाती दाटतीया."

"कधीपासून?"

"रविवारपासनं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

अक्काताईंना माझा प्रश्न खरोखरच कळला नाही. "सांगितलं की," त्या म्हणाल्या. "तू लिहून पण घेतलंस."

मी फोन केला तशा मॅडम धावतच वर आल्या. पंधरा मिनिटांत अक्काताई खालच्या मजल्यावर वॉर्डात होत्या, नाकाला ऑक्सिजन, हातात पाणी उतरवायच्या इंजेक्शनची सुई. मी जिन्यात उभी राहिले. हातात ती वही तशीच होती.

तासाभरात मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "स्थिर आहे," त्या म्हणाल्या, "पण आज दुपारनंतर आली असती तर मी हे म्हटलं नसतं. बस." मी बसले. "जोराच्या गटातली आहे. अभ्यासावरच्या देखरेख समितीला आजच कळवावं लागेल. बाकीच्या अकरा जणींचा व्यायाम आतापासून बंद. समिती म्हणेल, जोरामुळे झालं. असेलही तसं. मला माहीत नाही." त्यांनी वही ओढून घेतली. "आधी काही सांगत होती का? वहीत तर काहीच दिसत नाही. जोराच्या मिनिटांत सगळे पंधरा. अगदी हवे तसे."

मी वहीकडे पाहिलं. सुबक अक्षर होतं माझं. खाडाखोड नाही. गप्प बसले असते, तर त्या पानावरून कुणालाही काही कळलं नसतं. जोरात चालणं धोक्याचं ठरलं असतं, अकरा बायका घरी गेल्या असत्या, आणि माझा तक्ता भिंतीवर तसाच राहिला असता.

"सांगत होत्या, मॅडम," मी म्हटलं. "सोमवारपासून. जड म्हणत होत्या. अंग जड. मी ते व्यायामाचं म्हणून लिहिलं. पट्टा सुरू व्हायच्या आधी म्हणाल्या, तेही लिहिलं."

मॅडमनी वहीची मागची पानं उलटली, एकेक करून, सात आठवडे.

"म्हणजे यातले बाकीचे जड कुठले, तेही आपल्याला माहीत नाही."

"नाही."

"तक्ता कुणी केला?"

"मी."

"आणि तपासून सही कुणी केली?"

मी वर पाहिलं. "तुम्ही, मॅडम."

"हं. आणि आपण दोघी लहानपणापासून मराठी बोलतो." त्यांनी चष्मा काढला. "समितीच्या पत्रात दोघींची नावं घालू. हे सगळं लिहू, जसं झालं तसं. पण त्याआधी बाहेर मगदूम बसलेत. ते तुला विचारणार होते ना?"

आप्पा वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. मला पाहून ते उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. मी समोर उभी राहिले आणि मॅडमना सांगितलं होतं तेच सांगितलं. शेवटी म्हटलं, "काका, त्या सांगत होत्या. मला कळलं नाही."

आप्पा डब्याच्या कडीशी चाळा करत राहिले.

"घरी बी सांगत होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, पळून पळून झालं असंल. मी म्हटलं, अजून पळ." मग बाकावर थोडे सरकले. मला जागा केली. मी त्यांच्या शेजारी बसले.

चौथ्या दिवशी अक्काताईंचं तीन किलो पाणी उतरलं होतं आणि त्या उशीला टेकून चहा पीत होत्या. आप्पा पायथ्याशी होते. शमीमभाभी व्यायाम संपवून खाली आल्या होत्या. मॅडम खुर्ची ओढून बसल्या. पाणी इतकं अचानक का साठलं, हे त्यांना हवं होतं. गोळ्या चुकल्या नव्हत्या. उरलं मीठ.

"शपथ घेऊन सांगते, मॅडम," अक्काताई म्हणाल्या. "तुम्ही मीठ बंद सांगितलंय ना, त्या दिवसापासनं ताटात मीठ वाढून घेतलं न्हाई. विचारा ह्यांना."

"खरं हाय," आप्पा म्हणाले.

मी त्यांना दिलेला कागद काढला. आमच्याच विभागाने छापलेला. त्यावर लिहिलं होतं: वरून मीठ घेऊ नये. अक्काताईंनी अक्षरशः तेवढंच पाळलं होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "गेल्या दोन आठवड्यांत वेगळं काय खाल्लं?"

"काय न्हाई. उन्हाळ्याची कामं. चार घरचे पापड केले."

"पापड खाल्ले?"

"पापड कुठलं! वाळायचेत अजून. लाट्या खाल्ल्या तेवढ्या. पीठ कुटताना, लाटताना. एक तोंडात, एक पोळपाटावर. लाट्या न खाता पापड करतंय का कुणी?"

मॅडमनी डोळे मिटले. "अक्काताई, उडदाच्या लाट्यांत मीठ असतं."

"असतंय की. पण ते पापडाचं."

"आणि पापडखार. तोही मिठाच्याच जातीचा."

"पापडखार बी?" आप्पा एकदम म्हणाले. "मीच आणून दिला की. पाव किलो."

"किती लाट्या झाल्या असतील?" मी विचारलं. माझी पेन्सिल तयार होती.

"लाट्या मोजून खात्यात व्हय, बाळ?"

शमीमभाभी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. "मला पण आणल्या होत्या डब्यातनं. लई झकास झाल्या होत्या."

मॅडम खुर्चीतच वळल्या. "शमीमभाभी, तुम्ही आधी वजन करून या."

"मी दोनच खाल्ल्या!"

"वजन करून या."

त्या गेल्या. मॅडम आणि आप्पा डिस्चार्जचं बोलत बाहेर गेले, आणि मी चार दिवस घोकत होते ते बोलायला लागले. की मला माफ करा, की मी ऐकायला हवं होतं, की माझा तक्ताच चुकीचा होता. अक्काताईंनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"गप. माफी कसली मागतीस? अगं, बावन्न वर्षांची झाले मी. कसं वाटतंय म्हणून कुणी विचारलं न्हाई कधी. काम झालं का, तेवढं विचारत्यात. तू दर चार मिन्टाला विचारत होतीस." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "पट्ट्याचं विचारतीस हे मला तरी कुठं कळलं? मला वाटलं, माझं विचारतीस."

कप घेऊन मी उभी राहिले. तो ठेवायला स्टूल शेजारीच होतं, पण ते मला दिसलं नाही.

समितीचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. अभ्यास पुढे चालवा, पण दर वेळी व्यायामाआधी वजन करा, आणि तक्ता बदला. आधीच्या सात आठवड्यांचे आकडे निष्कर्षात धरू नका. माझे सगळे सुबक पंधरा त्या एका ओळीत गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं.

नवा तक्ता मी टेबलाशी बसून केला नाही. हॉलमध्ये सगळ्या बायकांना गोल बसवलं आणि विचारलं, की जोर पडतोय हे तुम्ही घरी कसं सांगता. दोन दुपारी नुसता गलका झाला. कुणी म्हणालं दम लागतो, कुणी म्हणालं धाप निराळी आणि दम निराळा, कुणी उठून घागर घेऊन चालून दाखवलं. घागर नव्हती, शमीमभाभींची पिशवी होती. शेवटी जे ठरलं ते फार साधं होतं. गप्पा मारता येतात. बोलणं तुटतं. बोलवत नाही. आणि तक्त्याच्या वर, वेगळ्या रंगात, पट्टा सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न: अंगाचं आज काय?

तो अभ्यास पुढे बारा आठवडे नव्याने चालला. शेवटच्या चाचणीत दोन्ही गटांतल्या बायका आधीपेक्षा लांब चालल्या. कुठला जोर सरस, याचं उत्तर चोवीस बायकांवरून देता येत नाही, असं आम्ही अहवालात लिहिलं. लिहिताना मॅडम म्हणाल्या, "असं लिहायला धीर लागतो," आणि पहिलं नाव माझं घातलं.

अक्काताई परत आल्या तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. सव्वा महिना झाला होता. आप्पांनी नको म्हटलं होतं, त्या म्हणाल्या, चिठ्ठी माझ्या नावाची निघालीया. जिना चढून दोघं वर आले तेव्हा आप्पांनाच जास्त दम लागला होता. ते आत आले नाहीत. दारात उभे राहून आत बघत राहिले.

वजन ठीक होतं. मी पट्टा सुरू केला. चार मिनिटांनी विचारलं.

"बोलणं तुटतंय," अक्काताई तुटक तुटक म्हणाल्या. "पण छाती मोकळी हाय. पिंडऱ्या भरून आल्यात. गळा सुकलाय. आणि ह्या मशीनला तेल घाल, लई किरकिरतंय."

मी सगळं लिहून घेतलं. वहीतला रकाना पुरला नाही, समासात लिहिलं.

चौथी फेरी झाली. अक्काताई खुर्चीत बसून शमीमभाभींबरोबर पाणी पीत होत्या. दाराशी आप्पा अजून होते. त्यांनी मला हातानेच बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

"ते तू विचारतीस मधनं मधनं," ते म्हणाले. आवाज इतका खाली आणला होता की मला जवळ जावं लागलं. "घरी मी विचारलं तर चालंल का?"

"चालेल की, काका."

"काय म्हणून विचारायचं?"

"काही खास नाही. आता कसं वाटतंय, एवढंच. आणि मग थांबायचं. त्या सांगतील."

"आता कसं वाटतंय," आप्पांनी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही, वर्कशॉपमधल्यासारखंच आलं. ते तोंड जिन्याकडे करून उभे राहिले आणि आवाज आणखी थोडा उतरवून परत एकदा म्हणाले.